पत्त्यांची वही

आमचे चिरंजीव कचेरीत नेमके काय करतात, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. कुणी विचारलेच तर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून मी चहाकडे वळत असे. परवा त्यांनी आपणहून सांगितले, “बाबा, मी डेटा वेअरहाउसमध्ये आहे.” वेअरहाउस म्हणजे गोदाम. इंजिनिअर होऊन पोरगा गोदामात! माझा चेहरा पाहून त्यांनी शिकवणीच सुरू केली.

खिडकीवरच्या कारकुनाचा कॉम्प्युटर म्हणे आजपुरते पाहतो. गिऱ्हाइकाने घर बदलले की जुना पत्ता पुसून नवा लिहितो. गोदामात पुसणे नाही. रात्री दिवसभराचा माल तिथे येतो, ‘पूना’, ‘पुना’ आणि ‘पुणे’ यांचे एकच ‘पुणे’ होते आणि जुन्याला हात न लावता नवी भर पडते. बिल इनमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९२ च्या पुस्तकात गोदामाची चार लक्षणे सांगितली आहेत : विषयवार मांडणी, एकसारखेपणा, काळाची नोंद, आणि चौथे नॉन-व्होलाटाइल. म्हणजे एकदा ठेवलेले हलवायचे नाही.

“मग आजीची पत्त्यांची वही बघ,” मी म्हणालो.

वहीत आमच्या धाकट्या काकाची सात घरे एकाखाली एक. शेजारी दोन रकाने, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. खाडाखोड नाही. चिरंजीव ताडकन उठले. “आजी, जुनी ओळ ठेवून तारखांसकट नवी लिहायची, ही किंबलची दोन नंबरची पद्धत!”

“दोन नंबरचं काही नाही हो त्यात,” आई घाबरून म्हणाली.

“पण जुने पत्ते कशाला ठेवलेस?”

“काका तीन खोल्यांतून दोन खोल्यांत कधी गेला, दोनांतून एकीत कधी, ते यातच कळलं. तोंडानं कधी बोलला नाही तो. शेवटचाच पत्ता ठेवला असता तर वाटलं असतं, एकाच खोलीत जन्म गेला त्याचा.”

चिरंजीव गप्प झाले. (हे क्वचित घडते.) त्यांनी पहिले पान उघडले. ते अण्णांचे. बदलीची नोकरी, मिरज, कराड, सोलापूर, आणि १९७९ पासून हे आमचे घर. अण्णांना जाऊन अकरा वर्षे झाली. शेवटच्या ओळीत ‘पर्यंत’चा रकाना कोरा.

“आजी,” चिरंजीव हळूच म्हणाले, “आमच्याकडे हा रकाना कोरा असला की नोंद चालू आहे असं धरतात. काही जण तिथं ३१ डिसेंबर ९९९९ लिहितात.”

आईने वही आपल्याकडे ओढून घेतली.

“राहू दे कोराच. एवढी लांबची तारीख कशाला?”