पुढच्या स्टेशनला उतरायचं नाही

करोल बागेत मराठी बोलणारी मानसतज्ज्ञ म्हणून दवाखाना उघडला की दोन तऱ्हेची माणसं हमखास येतात. एक म्हणजे शेजारच्या ओल्ड राजेंद्र नगरात यूपीएससीची तयारी करणारी लातूर, बीड, सोलापूरकडची मुलं-मुली. दुसरी गलाईवाल्यांच्या घरातली. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक जुनं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेले. बीडनपुरा, रेगरपुरा या इथल्या दागिन्यांच्या गल्ल्यांमध्येही ते भेटतात. विद्यार्थी सांगतो, ‘मॅडम, फोकस होत नाही.’ गलाईवाल्यांच्या घरातली बाई सांगते, ‘ताई, जीव घाबरा होतो.’ अर्धा तास बोलणं झालं की दोघांच्याही बोलण्यात एक यादी तयार झालेली असते. कुठे जायचं सोडलं, कुणाचा फोन घ्यायचा सोडला, काय उघडून बघायचं सोडलं. आजाराच्या नावापेक्षा मला ही यादी जास्त उपयोगी पडते.

मुलांच्या यादीत टेस्ट सिरीज सगळ्यात वर असते. पैसे भरलेले असतात, पेपर आलेला असतो, आणि ‘सिलॅबस पूर्ण झाल्यावर देऊ’ म्हणून तो बाजूला पडतो. त्याहून वाईट म्हणजे लिहिलेला पेपर तपासून आला तरी उघडायचाच नाही. यात यूपीएससीच्या एका नियमाची भर पडते. नुसता अर्ज भरला तर अटेम्प्ट मोजला जात नाही. पूर्वपरीक्षेच्या एकाही पेपरला बसलं की मोजला जातो. खुल्या गटाला सहाच अटेम्प्ट मिळतात. दरवर्षी अर्ज भरणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास उमेदवार पूर्वपरीक्षेला फिरकतच नाहीत. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, पण माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अटेम्प्ट वाचवला’ असं म्हणून सुटकेचा श्वास सोडलेला असतो.

तो सुटकेचा श्वास हीच दुखण्याची मुळी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये याची मांडणी केली. एखाद्या गोष्टीची भीती बसते ती एका वाटेनं आणि टिकते ती दुसऱ्या. लिफ्टमध्ये एकदा घाबरायला झालं, इथवर अपघात म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी जिन्यानं गेलात आणि छातीतली धडधड थांबली, तर त्या थांबण्याचं बक्षीस जिन्याला मिळतं. मेंदू हिशेब मांडतो की आपण वाचलो ते जिन्यामुळे. लिफ्टमध्येही काही झालं नसतं, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून टाळणाऱ्याला मी आळशी म्हणत नाही. टाळायला प्रचंड मेहनत लागते. पाच मिनिटांच्या मेट्रोऐवजी पाऊण तास रिक्षात बसणाऱ्या माणसाला आळशी कसं म्हणायचं?

उपाय तसा जुना आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, ती त्याला आवडीचं खायला देत आणि ससा हळूहळू जवळ आणत. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, स्ट्रासबुर्गला शिकत असताना, तरुण जर्मन कवी गटेनं उंचीची भीती मोडायला तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हापुन्हा चढण्याचा सपाटा लावला होता. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी या सगळ्याला पद्धतशीर रूप दिलं. भीतीच्या प्रसंगांची चढती शिडी करायची, शून्य ते शंभर अशा मोजपट्टीवर प्रत्येक पायरीचे गुण ठरवायचे आणि खालून सुरुवात करायची. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती रुजवली. तीही गृहपाठाशिवाय पुढे सरकत नाही. खोलीत बसून कितीही शहाणपणाचं बोललो तरी पाय मेट्रोच्या डब्यात पडायला हवा.

आता एका बाईंबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन जणींचं एकत्र केलं आहे. वय चाळिशीचं, माहेर-सासर दोन्ही खानापूर तालुक्यातलं, नवऱ्याचं गलाईचं दुकान. एकदा मेट्रोत गर्दी असताना दम कोंडला, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण मरतो असं वाटलं. ईसीजी, इको, थायरॉइड, सगळं करून झालं होतं आणि सगळं नीट होतं. (हे तपासून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही, कुणी जाऊही नये.) तेव्हापासून मेट्रो बंद. मग अजमल खान रोडची गर्दी बंद. मग पहाडगंजला नूतन मराठी शाळेकडे होणारे कार्यक्रम बंद. वाईट याचंच वाटायचं, म्हणाल्या, कारण मराठी बोलायला तेवढंच ठिकाण होतं.

आम्ही शिडी केली. करोल बागची ब्लू लाइन या कामाला जणू मुद्दाम बांधून दिल्यासारखी आहे. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या या टप्प्यात करोल बाग, झंडेवालान आणि रामकृष्ण आश्रम मार्ग ही तिन्ही स्टेशनं जमिनीच्या वर आहेत. त्यापुढे गाडी जमिनीखाली शिरते आणि राजीव चौक येतो, दिल्लीतलं सगळ्यात धकाधकीचं स्टेशन. पहिली पायरी म्हणजे फलाटावर उभं राहून गाड्या जाऊ द्यायच्या. नंतर एक स्टेशन, उजेडातलं, खिडकीतून १०८ फुटी हनुमान दिसतो ते. पुढे पहाडगंजसाठी उतरायचं ते आश्रम मार्ग. मग बोगदा. मग संध्याकाळचा राजीव चौक.

स्टेशनांची यादी कुणीही करेल. खरी मेहनत यादीत न दिसणाऱ्या गोष्टींवर होते. बाईंच्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती, एक गोळी होती जी त्यांनी कधीच घेतली नव्हती, फोनवर नवऱ्याचा नंबर काढून ठेवलेला होता, आणि त्या दारालाच चिकटून उभ्या राहत. या सगळ्याला आम्ही आधाराच्या काठ्या म्हणतो. काठी हातात असताना प्रवास झाला तर मेंदू श्रेय काठीला देतो. म्हणून पुढची पायरी ‘दोन स्टेशनं जास्त’ अशी ठरवली नाही. ‘तेवढंच अंतर, पण बाटली घरी’ अशी ठरवली. महिलांसाठी राखीव पहिला डबाही एकदा सोडायला लावला, कारण तोही काठी झाला होता. त्या दिवशी माझ्यावर चांगल्याच रागावल्या होत्या.

दवाखान्यात आणखी एक विचित्र वाटणारं काम चाललं होतं. कोल्ड्रिंकच्या बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. जिना धावत चढायचा. बाईंना मुळात मेट्रोची भीती नव्हतीच; त्यांना स्वतःच्या छातीच्या ठोक्यांची भीती होती. ते ठोके आपणच मुद्दाम आणले आणि मग काही न करता बसून राहिलो की शरीराची ती भाषा ओळखीची होते. हृदयविकार, दमा, फिटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर मात्र हे घरी करून बघायचं नाही.

प्रत्येक खेपेआधी वहीत एक ओळ लिहायची, आज काय होईल असं वाटतं. ‘चक्कर येऊन पडेन, लोक जमतील.’ परत आल्यावर खाली दुसरी ओळ, काय झालं. ‘पडले नाही. घाम आला. एका मुलीनं बसायला जागा दिली.’ पूर्वी आम्ही भीती खाली येईपर्यंत थांबा असं सांगायचो आणि आकडा उतरला की खूश व्हायचो. मिशेल क्रॅस्क आणि इतरांच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या कामानंतर भर बदलला आहे. भीती उतरलीच पाहिजे असं नाही. भाकीत चुकलं पाहिजे, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी चुकलं पाहिजे. कारण जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवं शिकणं जाऊन बसतं आणि दोघांत कोण पुढे येईल हे जागेवर, दिवसावर ठरतं. शिकलेली प्रतिक्रिया विझली असं वाटल्यावरही ती काही काळानं आपसूक डोकं वर काढते, हे पावलोव यांनाही कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. महिनाभर नीट प्रवास करून एखाद्या सकाळी पुन्हा धडधड झाली तर ‘सगळं वाया गेलं’ म्हणून घरी बसू नका, असं मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते.

आणि इथे सजगता येते. या शब्दाचा सध्या इतका बाजार झालाय की तो उच्चारायचीच चोरी. प्रत्येक दुसऱ्या विद्यार्थ्याच्या फोनमध्ये ध्यानाचं अ‍ॅप असतं आणि पेपर उघडायची भीती वाटली की तो इअरफोन लावून दहा मिनिटं शांत होतो. नंतर पेपर उघडत नाही तो नाहीच. माझ्या मते हे ध्यान नव्हे, चांगले कपडे घातलेली टाळाटाळ आहे.

खरी परंपरा याच्या उलट शिकवते. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंकांनी १९७६ पासून रुजवलेल्या शिबिरांत दुखणाऱ्या गुडघ्यापासून पळायला सांगत नाहीत; त्या दुखण्याकडे बघत बसायला सांगतात, ते येतं, बदलतं, जातं एवढं पाहायला. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, १९९४ च्या एप्रिलमध्ये, तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी अशा शिबिराला बसले होते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात सजगतेचा वर्ग सुरू केला, तोही मुख्यतः अशा लोकांसाठी, ज्यांचं दुखणं जाणार नव्हतं. शांत होणं हे यातलं उद्दिष्टच नव्हे. झालं तर झालं.

मी सजगता एवढ्यापुरतीच वापरते: डब्यात उभं असताना जे होतंय त्याला मनातल्या मनात साध्या शब्दांत नोंदवायचं. छाती धडधडतेय. तळहात ओले आहेत. ‘मी पडणार’ असा विचार आला. विचार आला, असं म्हणायचं. मी पडणार, असं नाही. श्वास मोजून भीती पळवायची नाही, देवाचं नाव घेऊन लक्ष दुसरीकडे न्यायचं नाही. (नामस्मरणाला माझा विरोध नाही. घरी जरूर करा.) पाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष ठेवून धडधडीला तिचं काम करू द्यायचं. आणि पुढच्या स्टेशनला उतरायचं नाही.

सगळ्याच भीतीला हे औषध चालत नाही. करोल बागेला ते सांगायची गरज नाही. १३ सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी दिल्लीत स्फोट झाले त्यातला एक गफ्फार मार्केटमध्ये झाला होता. १२ फेब्रुवारी २०१९ ला इथल्या एका हॉटेलच्या आगीत सतरा माणसं गेली. २७ जुलै २०२४ ला ओल्ड राजेंद्र नगरात तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तिथे अभ्यासासाठी लायब्ररी चालवली जात होती. त्यानंतर काही मुलं तळघरातल्या वाचनालयात बसायला नकार देऊ लागली तेव्हा मला कुणी विचारलं, यांची भीती घालवाल का? मी नाही म्हटलं. एकच दार, बाहेर पडायची दुसरी वाट नाही, पावसाळ्यात रस्ता तुंबतो, अशा खोलीत न बसणं हे शहाणपण आहे. भीतीचं भाकीत खरं ठरण्यासारखं असेल तर जागा बदलायची, माणूस नाही.

विद्यार्थ्यांची शिडी कागदावरची असते. मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस उत्तरं लिहायची असतात. आम्ही एका दीडशे शब्दांच्या उत्तरापासून सुरू करतो. घड्याळ लावून. ते रूम पार्टनरला मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुढे मुद्दाम एक वाईट उत्तर लिहून तपासायला द्यायचं आणि लाल शेरे आले की पूर्ण वाचायचे, पोटात गोळा येईल त्याची नोंद घेत. हुशार मुलांना ही पायरी सगळ्यात कठीण जाते. दहावीपासून ज्यांनी पहिला नंबर सोडला नाही त्यांना तर फारच.

सगळ्यात अवघड वाटाघाटी घरच्यांशी होतात. आई फोनवर म्हणते, ‘नको देऊस यंदा, बाळा, पुढच्या वर्षी दे.’ नवरा दुकान टाकून स्कूटरवर सोडायला येतो. प्रेमच आहे ते, पण त्यातून रोज एकच निरोप जातो की तुला हे जमणार नाही. म्हणून त्या बाईंच्या नवऱ्याला मी दवाखान्यात बोलावून घेतलं. ‘त्यांचा मेट्रोतून फोन आला तर उचलायचा नाही,’ म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आणि मॅडम, मला राहवलं नाही तर?’ त्यांनाही मी एक वही दिली.