दहा रुपयांची शिवी

गोंदियात गोल्फ नाही. धान आहे, राईस मिली आहेत, बोड्या आहेत, सारस पक्षी आहेत आणि कुठूनही कुठेही जायला गाडी मिळेल असं जंक्शन आहे. पण गोल्फ नाही. एवढी मोकळी जमीन दिसली की आमच्याकडचा माणूस आधी रोवणी उरकून घेतो. एक लहानसा चेंडू त्याहून किंचित मोठ्या भोकात घालण्यासाठी शेकडो एकर रिकामे ठेवायचे, असं त्याला सांगितलं तर तो सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील.

तेव्हा गोल्फशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आला जावयामुळे. आमचे जावई पुण्याला असतात आणि त्यांच्या साहेबाला आवडतो म्हणून गोल्फ खेळतात. गेल्या दिवाळीत ते आले आणि फराळाचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीवर गोल्फ लावून बसले. जावई पाहतात म्हटल्यावर सासऱ्यालाही पाहणं भाग होतं. अर्धा तास कोणी काही बोललं नाही, टीव्हीतलेही आणि घरातलेही. मग एका खेळाडूचा चेंडू तळ्यात पडला. त्याने हातातली काठी जमिनीवर आपटली आणि तो इंग्रजीत काहीतरी बोलला. लगेच वर्णन करणारा गृहस्थ कोणी दगावल्यासारख्या आवाजात म्हणाला, की आपल्या कानांवर जे पडलं त्याबद्दल आम्ही प्रेक्षकांची क्षमा मागतो.

"काय म्हणाला हो तो?" हिने विचारलं.

"चेंडू पाण्यात गेला म्हणाला."

"इतक्या थोडक्यात?"

जावयांनी चकलीचा तुकडा मोडत विषय बदलला. "बाबा, तुम्ही पंच होता ना? मग सांगा, अशा खेळाडूंना दंड करावा की करू नये?"

या प्रश्नाला मी चार वर्षं तयार होतो. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

माझी पंचगिरी आंतरराष्ट्रीय नव्हती. आमच्या कॉलनीमागे धान कापल्यावर मोकळ्या होणाऱ्या दोन-तीन बांध्या आहेत. त्यांचे धुरे सपाट करून पोरं दर हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरवतात. चार वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाल्याला बराच काळ लोटला होता आणि घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. पोरं म्हणाली, "सर, तुम्ही पंच व्हा." जिथे एक बोट वर केलं की माणूस निमूट निघून जातो अशी दुसरी जागा जगात नाही. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की माणूस निघून जातो खरा, पण निमूट नाही. गोंदियाची ही अडचण आहे. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी, सगळ्या भाषा इथे उतरतात आणि आपापलं सामान घेऊन उतरतात. त्यामुळे आमच्याकडे शिवीचा तुटवडा कधीच पडत नाही. दोन जिवलग मित्र स्टेशनासमोर भेटले तर पहिली दोन मिनिटं परक्याला वाटावं, की पोलिसांना बोलवावं काय. ते बिचारे एकमेकांची खुशाली विचारत असतात.

माझं घराणं मात्र या बाबतीत दरिद्री. वडील राईस मिलमध्ये दिवाणजी होते. त्यांची सर्वांत जहाल शिवी म्हणजे 'शहाणा'. ती ते वर्षातून एखाद्या वेळी देत आणि मग दिवसभर त्यांना जेवण जात नसे. फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांनी ती शिवी मेलबर्नच्या पंचाला दिली. पहाटेच्या थंडीत आम्ही बापलेक रेडिओला कान लावून बसलो होतो. गावसकर सत्तर धावांवर खेळत होता. लिलीचा चेंडू पॅडवर लागला आणि पंच रेक्स व्हाइटहेडने बोट वर केलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरचं म्हणणं. वडील म्हणाले, "शहाणाच दिसतोय!" आम्ही हादरलो. पण पुढे कळलं, की संतापलेला गावसकर समोरच्या चेतन चौहानलाही मैदानाबाहेर घेऊन निघाला आहे. तेव्हा वडिलांचा चेहरा उतरला. "डाव टाकून यायचं नसतं," एवढंच ते म्हणाले.

सुदैवाने व्यवस्थापक दुराणी सीमारेषेपर्यंत धावले. त्यांनी चौहानला तिथूनच परत पाठवलं आणि सामना वाचला. नुसता वाचला नाही. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा डाव त्र्याऐंशी धावांत आटोपला, कपिलदेवने पाच बळी घेतले आणि आपण ५९ धावांनी जिंकलो. गावसकरने पुढे या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पंचाच्या निकालापेक्षा जाता जाता ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी जे शब्द वापरले त्याने माझं डोकं फिरलं, असंही त्याने सांगितलं. म्हणजे बघा, एका शब्दासाठी एक अख्खा कसोटी सामना बांधाबाहेर चालला होता! आणि दंड? त्या काळी सामन्याला आंतरराष्ट्रीय सामनाधिकारीच नसे. तो आला १९९१ साली, आचारसंहितेचं पुस्तक काखेत घेऊन.

हे पुस्तक वाचनीय आहे. त्यात ऐकू येईल अशी अश्लील भाषा हा पहिल्या पायरीचा गुन्हा आहे आणि त्याला सामन्याच्या मानधनाच्या निम्म्यापर्यंत दंड होतो. 'ऐकू येईल अशी' हे शब्द नीट वाचा. मनातल्या मनात द्या, गुन्हा नाही. यष्टीजवळच्या माइकने पकडली, तर गुन्हा. शिवाय स्वतःच्या फुटक्या नशिबाला दिलेली शिवीही यात मोडते. म्हणजे स्वतःचं नशीबसुद्धा आता स्वतःचं राहिलेलं नाही.

शिवीचा न्याय करणं किती कठीण, हे २००८ साली सिडनीत दिसलं. हरभजनसिंग सायमंड्सला काय म्हणाला, यावर दोन देश भांडले. तो 'मंकी' म्हणाला, असं एका पक्षाचं म्हणणं. तो आपल्याकडे चौकाचौकात ऐकू येणारं 'माँ की' म्हणाला, असं दुसऱ्या पक्षाचं. आधी तीन कसोटींची बंदी झाली. मग अपिलात जॉन हॅन्सन नावाच्या न्यायमूर्तींनी साक्षी काढल्या; सचिन तेंडुलकरचीही साक्ष झाली. वंशावरून हिणवल्याचा आरोप सिद्ध होत नाही, नुसती शिवीगाळ सिद्ध होते, असं ठरून बंदी गेली आणि निम्मं मानधन गेलं. आईवरून शिवी दिल्याचा पुरावा मिळाल्यामुळे माणूस सुटला, असा खटला आमच्या गोंदियाच्या कोर्टातही कधी ऐकिवात नाही.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी पोरांना जमवून नियम सांगितला : एक शिवी, दहा रुपये. बिस्किटांचा एक रिकामा टिनाचा डबा आणून गुणफलकाशेजारी ठेवला. पहिल्या दिवशी शांतता इतकी, की बोडीवरची बगळ्यांची फडफड ऐकू यावी. दुसऱ्या दिवशी एका संघाचा कप्तान नाणेफेकीआधी माझ्याजवळ आला. वडिलांच्या दोन मिली असलेला पोरगा. त्याने शंभराची नोट पुढे केली.

"हे काय रे?"

"सर, आज दहा द्यायचा विचार आहे. दर वेळी सुट्ट्यांची भानगड नको."

दिलेला शब्द पाळणारा पोरगा. त्याने दहा दिल्या, अकरावी दिली नाही. उलट त्याच दिवशी एका पंक्चरवाल्याच्या पोराकडून झेल सुटला, त्याने स्वतःच्याच हाताकडे पाहत एक शब्द उच्चारला आणि दहा रुपये नव्हते म्हणून तो पुढच्या सामन्याला आलाच नाही. तेव्हा मला पहिला साक्षात्कार झाला. पैशाचा दंड हा श्रीमंताला दंड नसतो, तिकीट असतं.

जावयांनी इथे दुजोरा दिला. गोल्फमध्येही हेच होतं म्हणाले. २०११ साली दुबईच्या स्पर्धेत टायगर वुड्स हिरवळीवर थुंकला म्हणून त्याला दंड झाला, पण किती, ते जाहीर केलं नाही. थुंकण्याला दंड असतो हे ऐकून मी खर्र्याची पुडी हळूच उशीखाली सरकवली. पण मुद्दा तोच. कोट्यधीश माणसाकडून गुपचूप चार पैसे घेतले, तर त्याला लागतं कुठे?

मी नियम बदलला. २०१७ साली मेरिलबोन क्लबाने क्रिकेटच्या कायद्यांत वागणुकीसाठी पाच धावांचा दंड आणला होता. तोच मी लावला. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा समोरच्या संघाला पाच धावा. काय सांगू! त्या कप्तानाने तोंड उघडलं, की त्याचेच दहा गडी धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवायचे. गोल्फच्या नियमांतही २०१९ पासून समितीला आचारसंहिता करून फटक्यांचा दंड लावायची मुभा आहे, असं जावई म्हणाले. म्हटलं, मग लावा की! नोट गेलेली कोणाला आठवत नाही, पण एका फटक्याने हरलेला माणूस मरेपर्यंत तो फटका मोजत राहतो.

इथवरची हकीकत मी कोणालाही सांगतो. पुढची फक्त हिला ठाऊक होती.

अंतिम सामन्याच्या दिवशी चेंडू सारखा बोडीत जात होता. तो काढून आणायला काठावरच्या घरातला दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा होता. पौषातली थंडी, पोरगा कमरेइतक्या पाण्यात, उजेड चाललेला आणि चार चेंडू उरलेले. त्याला चेंडू सापडेना. दोन्हीकडचे लोक माझ्यावर ओरडत होते. आणि मी, दिवाणजींचा मुलगा, चाळीस वर्षं मराठी शिकवलेला मास्तर, त्या पोरावर जोरात ओरडलो. काय ओरडलो ते इथे छापता येणार नाही. 'शहाणा' नव्हतं.

मैदान गप्प झालं. मग कोणीतरी म्हणालं, "सर, दंड!" पाच धावा कोणाच्या वजा करायच्या, हे ठरेना, पंचाला संघ नसतो. शेवटी मी खिशातून दहाची नोट काढून डब्यात टाकली. टाळ्या पडल्या. 'सर म्हणजे सर!' असंही ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पोरगा चेंडू घेऊन वर आला, चेंडू माझ्या हातात न देता खाली ठेवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. चेंडू आणणाऱ्या पोराला टोपी द्यायची ठरली होती. तो आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता. मी हळूच म्हटलं, "बेटा, काल चुकलं माझं." तो खाली पाहत म्हणाला, "शिवी मले देल्ली, अन् पैसे डब्ब्यात टाकले."

याला काय उत्तर देणार? आचारसंहितेच्या कुठल्याही पानावर ते नाही. मी पुन्हा म्हटलं, माफ कर. तेव्हा त्याने मान वर केली. "सर, शिवी साऱ्यायनं आयकली. अन् माफी मी एकट्यानंच आयकू काय?"

संध्याकाळी मी समारंभात माइक हातात घेतला. माइकने आधी स्वतःच एक किंकाळी फोडली. मग मी त्या पोराचं नाव घेऊन, त्याची माफी मागून, अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात माझी चूक सांगितली. शिवी द्यायला एक क्षण लागला होता. हे चार शब्द बोलताना मला घाम फुटला. मानधनाच्या निम्म्याने, नव्हे सगळ्याने, एवढा घाम फुटला नसता. पोरगा पुढे आला, टोपी घेतली, घातली आणि म्हणाला, "आता बरोबर झालं."

जावई गप्प झाले होते. टीव्हीवर तो खेळाडू पुढच्या भोकाकडे निघाला होता. त्याने आपटलेली काठी त्याची पिशवी वाहणाऱ्या माणसाने उचलली, रुमालाने पुसली आणि पिशवीत ठेवली.

"एक समजलं नाही," ही म्हणाली. "मघा त्या बाईवाणी रडक्या आवाजाच्या माणसाने माफी आपली मागितली ना? आपल्याला तर इंग्रजी कळलंही नाही. ज्याच्या अंगावर काठी यायची राहिली, त्या पिशवीवाल्याची कोण मागणार?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्ही बंद केला.

"अहो, आणि ती उशीखालची पुडी," ही आत जाता जाता म्हणाली, "ती काढा. दहा रुपये."