चोवीस रात्रींची शर्यत

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. घोड्यांची दौड, बैलगाड्यांच्या चाकांमागे उसळणारा धुरळा, श्वास रोखून पाहणारी माणसे! जो सर्वांच्या पुढे पळाला तो जिंकला, असा सोपा हिशेब आपण लहानपणीच मनाशी पक्का करून ठेवलेला असतो. परंतु जगात अशाही काही शर्यती आहेत, की ज्यांत पळण्याइतकेच थांबण्यालाही महत्त्व असते. अशाच एका शर्यतीचा खेळ एका उन्हाळ्याच्या सुटीत तामलवाडीच्या आमच्या घरी चोवीस रात्री चालला होता. त्यात खरी मोटार एकही नव्हती. चौकटींचा एक मोठा कागद, दोन पेन्सिली, सापशिडीच्या डब्यातला एक फासा, आणि माझा पुतण्या व पुतणी, एवढ्या साहित्यावर ती शर्यत उभी होती.

मूळची शर्यत फ्रान्समधल्या ले मान्स या गावची. ती 1923 साली प्रथम झाली. सुमारे साडेतेरा किलोमीटरांच्या वाटेवर मोटारी चोवीस तास फेऱ्या घालतात, आणि तेवढ्या वेळात जी सर्वांत जास्त अंतर कापील ती विजयी ठरते. 2010 साली विजेत्या मोटारीने 397 फेऱ्या केल्या. ते अंतर 5,400 किलोमीटरांहून अधिक भरले. श्रीनगरहून निघून कन्याकुमारी गाठली तरी एवढे अंतर संपणार नाही! साहजिकच हे काम एका माणसाचे नव्हे. हल्ली एका मोटारीला तीन चालक असतात, आणि कोणत्याही सहा तासांत एकाने चार तासांहून अधिक काळ चाक हाती धरू नये, असा तेथे नियम आहे. 2020 साली साथीमुळे ही शर्यत जूनऐवजी सप्टेंबरात घ्यावी लागली, तेव्हा जूनमध्ये नामांकित चालकांनी आपापल्या घरी संगणकापुढे बसून चोवीस तासांची लुटुपुटीची शर्यत लढवली होती. मोठ्यांनी खेळावे आणि मुलांनी का खेळू नये?

आमच्या घरी संगणक नव्हता. पण त्यावाचून अडले नाही. चौकटींच्या कागदावर मोटार पळवण्याचा एक जुना खेळ आहे. त्याचा नियम फार मार्मिक आहे. मागल्या चालीत मोटार जितक्या चौकटी पुढे गेली असेल, तितक्याच ती याही चालीत जाते. तुम्हांला त्यात फार तर एका चौकटीची भर घालता येते किंवा एक चौकट वजा करता येते. म्हणजे सहा चौकटींच्या वेगाने निघालेली मोटार वळण आले म्हणून जागच्या जागी थांबत नाही. वळण दूर असतानाच वेग आवरावा लागतो. गतीचा जो नियम शाळेत पाठ करूनही मनात उतरत नाही, तो या कागदावर दोन रात्रींत उतरतो.

यात आम्ही आमची भर घातली. रोज जेवणानंतर दहा-दहा चाली. त्या दहा चाली म्हणजे शर्यतीचा एक तास. प्रत्येकाला तीन चालक, पैकी एक तरबेज आणि दोन बेताचे. पेट्रोल केव्हा भरायचे, टायर केव्हा बदलायचे, चालक केव्हा उतरवायचा, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून वाटीखाली ठेवायचे. मी पंच म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. सलग चार रात्री झाल्यावरही तोच चालक ठेवला, तर पाचव्या रात्री फासा टाकायचा. एक पडला, तर मोटार वाळूत. सहाव्या रात्री एक किंवा दोन पडले, तर वाळूत. सातव्या रात्री एक, दोन किंवा तीन!

पुतण्याने पहिल्या रात्रीपासून आपला तरबेज गडी बसवला आणि वाऱ्याशी स्पर्धा मांडली. पुतणीने चौथ्या रात्रीनंतर आपला चांगला चालक उतरवून बेताचा बसवला, तेव्हा भाऊ तिला पोटभर हसला. पाचव्या रात्री फाशाने त्याला सोडले, सहाव्या रात्रीही सोडले. दैव एकदा-दोनदा क्षमा करते, आणि माणूस त्या क्षमेलाच आपले कौशल्य समजू लागतो.

मी त्याला पिएर लेव्हेग या फ्रेंच चालकाची कथा सांगितली. 1952 साली त्याच ले मान्सच्या वाटेवर हा गृहस्थ एकटाच मोटार चालवीत राहिला. जोडीदार तयार होता, पण त्याच्या हाती त्याने चाक दिले नाही. रात्र सरली, सकाळ झाली, दुपार झाली. तो सर्वांच्या चार फेऱ्या पुढे होता. शेवटचा सुमारे एक तास उरला असता त्याचे यंत्र मोडले आणि विजय दुसऱ्याच्या पदरी पडला. थकव्याने त्याचा गिअर चुकला असे कोणी म्हणतात, दोष यंत्रातच होता असे कोणी म्हणतात. पण बावीस तासांहून अधिक काळ एकट्याने जागलेल्या त्या माणसाचा विचार मनात येताच आदर आणि खेद दोन्ही एकदम दाटून येतात.

पुतण्याने कथा ऐकली, आणि चिठ्ठीवर पुन्हा तेच नाव लिहिले!

सातव्या रात्री माझे थोरले बंधू घरी होते. ते ट्रक चालवतात. आमच्या गावावरून जाणारा सोलापूर-तुळजापूर महामार्ग पुढे बीड, धुळे असा थेट इंदूरपर्यंत जातो, आणि तो सगळा त्यांच्या पायाखालचा. पुतण्याने फासा टाकला, तीन पडले. मोटार वाळूत गेली. बंधू खळखळून हसले. तेव्हा पुतणीने कागदावरची नजर न काढता विचारले, "अण्णा, तुमच्या गाडीत दुसरा चालक कोण असतो?"

"असतो कधी, कधी नसतोही," ते म्हणाले.

"मग चार तासांनंतर फासा कोण टाकतं?"

घरात एकदम शांतता झाली. बाहेर महामार्गावरून ट्रकमागून ट्रक जात होते; त्यांचा आवाज रोजचाच, पण त्या रात्री तो आम्हां सर्वांना निराळा ऐकू आला. मोटार वाहतूक कामगारांनी साधारणपणे दिवसाला आठ तासांहून अधिक काम करू नये, असा कायदा आपल्या देशात 1961 सालीच झाला आहे. तथापि, पहाटे तीन वाजता एकाकी रस्त्यावर कायद्याची आठवण करून देणारे शेजारी कोणी नसते. बंधू काही बोलले नाहीत. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते उठले आणि उजाडण्यापूर्वीच कामावर निघून गेले.

दोन दिवसांनी ऐन खेळाच्या वेळी त्यांचा फोन आला. "तिला सांग," ते मला म्हणाले, "आज फासा टाकला नाही. ढाब्यावर दोन तास पाठ टेकली. आता निघतो." पुतणीने निरोप ऐकला. मग पेन्सिल घेऊन तिने कागदाच्या कोपऱ्यात, विसाव्याच्या चौकटीत, एक लहानसा ट्रक काढला. नियमाप्रमाणे पंचाने त्यास हरकत घ्यावयास हवी होती. पंच मुकाट्याने चष्मा पुसत राहिला.

चोविसाव्या रात्री पुतणी तीन चौकटींनी जिंकली. पुतण्यानेही मध्यंतरी चालक बदलण्याची विद्या शिकून घेतली होती, म्हणूनच अंतर एवढे कमी राहिले.

ले मान्सची आणखी एक गोष्ट त्या मुलांना फार आवडली. पूर्वी तेथे इशारा होताच चालक धावत जाऊन मोटारीत उड्या घेत, आणि घाईत सुरक्षेचा पट्टाही नीट न बांधता निघत. 1969 साली जॅकी इक्स हा तरुण या पद्धतीचा निषेध म्हणून सावकाश चालत आपल्या मोटारीकडे गेला, पट्टा नीट बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत एका चालकाचा अपघाती मृत्यू झाला. आणि चोवीस तासांनंतर, अवघ्या सुमारे सव्वाशे मीटरांच्या अंतराने, शेवटी निघालेला इक्स व त्याचा जोडीदार पहिले आले! पुढच्या वर्षापासून ती धावाधाव बंद झाली.

पण हे शिकायला फ्रान्सलाच जायला हवे असे नाही. नवरात्राच्या सुमारास तुळजापूरला गावोगावचे तरुण येतात, भवानीच्या देवळात ज्योत पेटवतात आणि ती घेऊन आपापल्या गावाकडे धावत निघतात. आमच्या गावावरून अशा कितीतरी ज्योती सोलापूरकडे जातात. एक जण धावतो, बाकीचे मागच्या वाहनात असतात. त्याचा दम संपत आला की दुसरा उतरतो, चार पावले बरोबरीने धावतो आणि ज्योत हाती घेतो. ज्योत थांबत नाही. माणूस मात्र थांबतो. देणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, घेणाऱ्याला मोठेपणा वाटत नाही. पहिला कोण धावला, हे गावात कोणी विचारीत नाही. ज्योत पोचली, एवढेच पुरेसे असते.