फळ्यावरील चार चौकटी

महाविद्यालयांत मी 'लिंगभाव व स्त्री-आरोग्य' हा विषय शिकवितें असें सांगितलें, कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. हें लाजेचें प्रकरण. आई-मावशीनें कानांत सांगावें, वर्गांत उच्चारूं नये, असें त्यांस वाटतें. तथापि गोंदियास माझ्या वर्गांत मुलगे व मुली एकत्रच बसतात. लिंगभाव म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतें. स्त्री-पुरुषांचीं शरीरें निसर्गानें दिलीं. परंतु शेवटीं कोणीं जेवावें, दुखणें कोणीं अंगावर काढावें आणि दोष कोणाच्या माथीं यावा, हे नियम समाजानें केले.

याचीं उदाहरणें शोधावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आपला जिल्हा भाताचा. रोवणीच्या दिवसांत बायका पहांटे चूल आटोपून बांधींत उतरतात व दिवसभर चिखलांत वांकून पऱ्हे रोवतात. त्यांत गरोदर बाई असते, अंगांत रक्त नसलेलीही असते. कंबर दुखते म्हटलें, तर 'रोवणींत कोणाची दुखत नाहीं?' हें उत्तर ठरलेलें. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या. तो निबंध १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापून आला. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वीं तशी तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८. हे दोन आंकडे मी फळ्यावर एकाखालीं एक लिहितें आणि कांहीं वेळ बोलत नाहीं.

परंतु वर्ग खरा जागा होतो तो सिकलसेलच्या दिवशीं. हा रक्ताचा विकार पूर्व विदर्भांत पुष्कळ घरीं आहे. यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडें-सांधे असह्य दुखतात. मी फळ्यावर चार चौकटी आंखतें. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येकाजवळ एक सदोष व एक निर्दोष जनुक असलें, तर दर अपत्यास रोगाची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. मग विचारतें, "दोष कोणाचा?" मुलें हिशेब करून म्हणतात, "दोघांचा निम्मा-निम्मा, बाई." (दोष हा शब्द जनुकापुरताच; माणसास तो लावूं नये, हेंही मी सांगतें.)

एका वर्षीं मागच्या बांकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या थोरल्या बहिणीचें ठरलेलें लग्न मोडलें होतें. बहीण वाहक निघाली म्हणून. वस्तुतः वाहकास बहुधा कांहींच त्रास नसतो. "मुलाचें रक्त तपासलें होतें काय?" असें एकानें विचारलें. ती म्हणाली, "मुलाचें कोण विचारतो?"

त्या आठवड्यांत वर्गांतील कांहीं मुलगे आपण होऊन सरकारी रुग्णालयांत गेले. पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं पहिल्या चांचणीस बोटाचें थोडें रक्त पुरतें. खात्रीची चांचणी मागाहून होते. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें आरंभिलेल्या राष्ट्रीय अभियानांतही चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी योजिली आहे. त्यांत मुलगा-मुलगी हा भेद नाहीं.

त्या मुलग्यांपैकीं एक वाहक निघाला. घरीं सांगतांच वडील म्हणाले, "हें तुझ्या आईकडचें." मुलानें वहीचें पान फाडून त्यांना चार चौकटी काढून दाखविल्या. वडील उठून बाहेर गेले. आई मात्र पान उलटसुलट पाहत बसली व पुढच्या सोमवारीं स्वतः रक्त देऊन आली.

तिचें रक्त निर्दोष निघालें. मुलानें तो अहवाल मला आणून दाखविला, घडी घालून खिशांत ठेवला. तो त्यानें वडिलांपुढें ठेवला कीं नाहीं, हें मीं अद्याप विचारलेलें नाहीं.