माहेरची वाकळ

मैत्रिणींनो, तुमच्याकडे हिला गोधडी म्हणत असतील. आमच्या सातारा-सांगलीकडे ही वाकळ. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. तिचं इरकली लुगडं वरून लावून आत्यानं ही वाकळ शिवली आणि १९९५ साली सांगलीला सासरी येताना माझ्याबरोबर दिली. आता अशी वस्तू रोज कुणी अंथरतं का? मी आपली डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिली. चोवीस वर्षं!

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आमचं घर गावभागात. पाणी पायरीला लागलं तशी धान्य, कागदपत्रं, सासूबाईंची औषधं माडीवर नेली. रोजच्या वाकळी मुलांच्या खांद्यावरून वर आल्या. ट्रंक पलंगाखालीच राहिली.

पाणी ओसरल्यावर उघडली, तर आत नुसता गाळ. गल्लीत भिजल्या गाद्यांचे ढीग लागले होते. शेजारीण म्हणाली, "टाका हो वहिनी, वास जायचा नाही." माझा हात काही धजला नाही.

तुमच्यावर असा प्रसंग न येवो, पण आलाच तर भिजलेली वाकळ कधी पिळू नका, टाके तुटतात. आधी साध्या पाण्यात खळबळून गाळ काढा, मग रिठ्याच्या पाण्यात भिजवा. दोघींनी टोकं धरून निथळू द्या आणि बाजेवर आडवी पसरून कडक उन्हात वाळवा. दांडीवर टाकलीत तर ओल्या वजनानं ताणते. मी हे तीनदा केलं. वास गेला, पण आईचं लुगडं जागोजागी विरलं होतं.

भाऊबीजेला पिशवीत वाकळ घालून साताऱ्याची गाडी धरली. भिलवडी, किर्लोस्करवाडी, कराड, रहिमतपूर, कोरेगाव. खिडकीबाहेर ऊसच ऊस. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. लहानपणी दसऱ्याआधी घरातल्या झाडून साऱ्या वाकळी आम्ही तिथल्या घाटावर धुवायला नेत असू. तीच कृष्णा पुढे सांगलीला येते. तिच्यावर रागवावं तरी कसं, हे रिक्षात बसल्यावरही मला उमजेना.

आत्या आता ऐंशीच्या पुढची. मागच्या पडवीत, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून तिनं वाकळ पसरली. "चोवीस वर्षं पेटीत? अगं, मग हिला कुणाचं अंगच नाही लागलं!" एवढंच बोलली आणि ब्लेडनं कड उसवायला घेतली.

आईच्या लुगड्याखाली आणखी एक जुनं लुगडं निघालं, जांभळं. आजीचं! आई आजीचीच वाकळ पांघरायची. आत्यानं तिच्यावरच आईचं लुगडं चढवलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं.

"तुझी साडी काढ आता," आत्या म्हणाली. पिशवीत एक नेसती सुती साडी होती, ती दिली खरी, पण मन खट्टू झालं. आईचं लुगडं आत जाणार, पुन्हा दिसणार नाही. आत्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आजी तरी कुठं दिसत होती गं तुला?"

वाकळेचा धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चहूबाजूंनी फिरत फिरत मध्यावर येऊन संपतो. आत्याला सुईत दोरा ओवता येत नाही, ते काम माझं. चार दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून शिवत होतो. तिचे टाके तांदळाएवढे, माझे हरभऱ्याएवढे. ती हसायची, पण उसवू द्यायची नाही. आईच्या लुगड्याचा धड उरलेला काठ तेवढा तिनं एका कडेला बाहेर राहू दिला.

येताना मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि वाकळ मांडीवर घेऊन सांगलीला आले. त्या थंडीत ती सासूबाईंच्या पायांवर होती. पुढे धाकट्यानं पळवली, ती अजून त्याच्याकडेच आहे. परवा उन्हात घालायला म्हणून झटकली, तर काठाजवळच्या टाक्यांतून चिमूटभर सुका गाळ पडला. पुन्हा एकदा झटकली आणि वाळत घातली.