रेडिओच्या कोपऱ्याचा रंग

आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पेटी सागाच्या व्हिनिअरची. पावसाळ्यात भिंतीची ओल लागून तिचा एक कोपरा फुगला आणि तळहाताएवढा तुकडा निघून गेला. रेषेला रेष जुळवून नवा तुकडा बसवला, पण खरं काम होतं रंगाचं.

तयार स्टेनच्या डबीवर ‘टीक’ लिहिलेलं असतं. पण घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या सागाचा रंग डबीत मिळत नाही, कारण तो एक रंग नसतोच. तळाशी लाकूड, त्यावर उजेडानं चढवलेली सोनेरी-तपकिरी झाक आणि वर चपड्याच्या पॉलिशचा पिंगट थर. ताज्या सागात हिरवट-काळपट पट्टे दिसतात. उजेडात ते हळूहळू विरतात. म्हणून तुकडा चिकटवण्याआधीच मी तो काचेखाली दाबून गच्चीवर उन्हात ठेवला होता.

पुढचं पॉलिशवाल्या मामांनी शिकवलं. “कोरड्या लाकडाच्या रंगावर जाऊ नकोस,” ते म्हणाले. कोऱ्या तुकड्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. ओला असताना दिसतो साधारण तोच रंग पॉलिशखाली दिसणार. आणि जुन्या पेटीवरची सगळ्यांत फिकट रेष शोधायची. स्टेन तिथवरच न्यायचा. गडद नंतर करता येतं, पण व्हिनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर. आत मुरलेला रंग घासून काढू म्हटलं तर लाकूडच संपतं.

पाण्यातला रंग मी टाळला. पेटी सरसानं जोडलेली, आणि सरस पाण्यानं सुटतो. स्पिरिटमधला रंग मात्र चटकन वाळतो, एक पट्टा दुसऱ्यावर चढला की तिथे गडद ओघळ उमटतो. हात थांबता कामा नये.

उरलेली छटा पॉलिशमधून आणली. बोहरी आळीतून चपडा आणि बर्न्ट अंबर आणलं. लिटरभर स्पिरिटला साधारण 125 ग्रॅम चपडा, इतकं पातळ, आणि त्यात रंगाचे मोजके थेंब. प्रत्येक हात इतका हलका की फरक जाणवूही नये. सागाच्या उघड्या छिद्रांत मात्र अंबरची भुकटी चोळली. तिथला काळसरपणा नसेल तर रंग जुळूनही लाकूड परकं वाटतं. मला हा भाग सगळ्यांत आवडतो.

रात्री एलईडीखाली तंतोतंत जुळलेला कोपरा सकाळी खिडकीशी लालसर दिसला. नव्या रंगातली द्रव्यं वेगळी, त्यामुळे दिवा बदलला की ती वेगळी दिसतात. मामांनी पुढच्या हातात किंचित हिरवा घालायला सांगितलं. हिरव्यानं लाल मरतो. तसा तो मेला.

शेवटचे हात मी रेडिओ त्याच्या नेहमीच्या फडताळावर ठेवून, दिवसा आणि दिव्याखालीही पारखले. बाजूनं वाकून पाहिलं तर सांधा अजून दिसतो, कारण दोन्ही तुकड्यांचे तंतू उजेड वेगवेगळा परतवतात. समोरून दिसत नाही, आणि फडताळावरचा रेडिओ समोरूनच पाहिला जातो.