हद्दीवरचा आंबा

भोरकडे, आमच्या गावाला गेलो होतो, तेव्हा डोंगराच्या उतारावर जेसीबी चालू होता. नुकत्याच उपटलेल्या घाणेरीचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्यांवर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या आणि फाट्यावर फलक : ‘निसर्गाच्या कुशीत ११ गुंठ्यांचे प्लॉट’. निसर्गाची कूस गुंठ्याच्या भावाने विकणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. पण त्या वासासरशी आठवली ती विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘आरण्यक’. घरी येऊन हिंदी अनुवादाची पिवळी पडलेली प्रत काढली आणि पुन्हा वाचायला बसलो.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही कादंबरी कधी वाचली नाही. वाचायला हवी होती, कारण तिचा नायक जवळजवळ त्यांच्याच धंद्यातला. सत्यचरण हा कलकत्त्याचा बेकार पदवीधर बिहारातल्या एका जंगल इस्टेटीचा मॅनेजर होतो. काम एकच : हजारो बिघे रान कुळांना लावून द्यायचं. आधी शहराच्या आठवणीने त्याचा जीव गुदमरतो, मग चांदण्यातल्या त्या रानाचं त्याला वेड लागतं, आणि वेड लागल्यावरही तो जमीन वाटतच राहतो. नोकरीच ती.

अण्णा मोजणी खात्यात होते. ३३ फुटांची साखळी. तेवढ्याच लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हिंडायचो. एकदा दोन भावांच्या वाटणीत हद्द नेमकी एका रायवळ आंब्याच्या बुंध्यातून गेली. दोघे भाऊ झाडाच्या दोन बाजूंना उभे. अण्णांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि रेघ ओढली. पुढच्या उन्हाळ्यात तिथे आंबा नव्हता. लाकूड विकून भावांनी पैसे निम्मे-निम्मे केले होते. “रेघ बरोबर होती,” अण्णा म्हणाले, आणि जेवायला बसले.

विभूतिभूषण स्वतः भागलपूरकडे अशाच इस्टेटीवर नोकरीला होते. ‘पथेर पांचाली’ही तिथल्याच मुक्कामात लिहिली. ‘आरण्यक’ पुस्तकरूपाने आली ती १९३९मध्ये. इथे थोडा इतिहास घुसडतो. १७९३मध्ये कॉर्नवॉलिसने कायमधारा आणला. सरकारचा सारा ठरून गेला, तो वाढायचा नाही. म्हणजे जितकं रान लागवडीखाली येईल, तितका वाढीव खंड जमीनदाराच्या खिशात. कुऱ्हाड रानात शिरण्याआधी हिशेबाच्या वहीत शिरली होती.

मग राग धरायचा कुणावर? कुळं तर अर्धपोटी. चीना गवताच्या दाण्यांवर दिवस काढणारी, कचेरीत भात मिळणार म्हणून मैलोन्‌मैल पायपीट करणारी. त्यांना जमीन देऊ नका, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? लेखक सोयीचा खलनायक पुरवत नाही. रानावर जीव असलेला माणूसच रान संपवतो आणि शेवटी रानाच्या आदिम देवतांची क्षमा मागतो. या कादंबरीला ‘सुंदर निसर्गवर्णन’ म्हणून शाबासकी देणारे भेटले, की मी विषय बदलतो.

माझा जीव आहे तो कादंबरीतल्या युगलप्रसादवर. दूरदूरहून फुलझाडांचं बी आणायचं आणि सरस्वती कुंडाच्या काठी रानात लावायचं, हा त्याचा उद्योग. जमीन त्याची नाही, फुलं बघायला कुणी येणार नाही. असा एक जण त्या आंब्यापाशी असता, तर काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. रेघ तिथूनच गेली असती.

आणि भानुमती. तिचा पणजोबा दोबरू पन्ना हा संथाळांच्या बंडात लढलेला राजा, आता म्हशी राखणारा. भारतवर्ष कोणत्या बाजूला, हे त्या राजकन्येला ठाऊक नाही. पूर्वी मला या प्रसंगाचं हसू यायचं. या खेपेला आठवली ती आमच्या उतारावरची कातकऱ्यांची वस्ती. करवंदं, मध, खेकडे घेऊन बाया गावात यायच्या. अण्णांच्या नकाशात ओढा होता, विहीर होती, वहिवाटीची पायवाट होती. वस्ती नव्हती, कारण त्या घरांखालची जमीन दुसऱ्याच कुणाच्या नावावर. इतकी वर्षं मी आंब्यासाठी हळहळलो. ती माणसं कुठे गेली, हे कधी विचारलं नाही, आणि गावात आता नीट सांगणारंही कुणी उरलेलं नाही.

तलाठी, मोजणीदार, नगररचनावाले, ज्यांच्या रेघेने नि सहीने जमिनीचं काहीबाही होतं, त्यांनी ‘आरण्यक’ नोकरी लागल्या लागल्या वाचावी. निवृत्तीनंतर वाचून उपयोग नाही.